एकशे दहाचे चारशे दहा

ता. १९ ऑगस्ट १९९७, मंगळवार

दिलीपच्या तापाचा चौथा दिवस. कालपर्यंत डोळे लाल होते, आज पिवळे. गल्लीतल्या डॉक्टरांनी कावीळ सांगितली, कमरेत एक सुई टोचली, उसाचा रस पाजा म्हणाले. सुनेने, सुनंदाने, कुठूनशी काविळीची माळ आणून त्याच्या गळ्यात घातली. माळ दिवसादिवसाने लांबते, बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली असं म्हणतात. मी माळ राहू दिली. घरात दुखणं असलं की बाईच्या हाताला काहीतरी करायला लागतं. माझ्या हाताला ही वही.

दि. म्हणतो, अंगापेक्षा पोटऱ्या दुखतात. "कोणी काठीनं झोडल्यासारख्या." बसून चेपून दिल्या. चौतीस वर्षांचा मुलगा. त्याचे पाय मी शेवटचे कधी चेपले होते? गोवर आला तेव्हा. तेव्हा त्याची आई होती.

पायाच्या बोटांमधल्या चिरा पाहिल्या. पांडेसऱ्याला कापडाच्या गिरणीत रंगाच्या मशीनवर बारा-बारा तास ओल्यात उभं राहायचं, केमिकलने कातडी भरूनच येत नाही. त्यात पंधरा दिवसांपूर्वी खाडीचं पाणी आमच्या लिंबायतच्या गल्ल्यांत शिरलं होतं. तीन दिवस हा मांडीएवढ्या पाण्यातून पाळीला गेला. मी अडवलं नाही. खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो नि खिडकीतून त्या काळ्या पाण्यावर आभाळ कसं दिसतं ते बघत होतो.

ता. २० बुधवार

ताप उतरला. सु.ला बरं वाटलं, मलाही. पण तो जेवला नाही, दोनदा ओकला. बोलता बोलता मध्येच थांबून भिंतीकडे बघतो. सकाळपासून उचकी.

सु. म्हणाली, "गावाकडे कोणीतरी आठवण काढतंय."

गावाकडच्या एकेकाचं नाव घेत गेलो. उचकी थांबेना. शेवटी त्याच्या आईचं घेतलं. तरी नाही.

दुपारी पेटीतून चौथीचं जुनं पुस्तक काढलं. त्यातली नदीची कविता चालीवर म्हणून दाखवली. लहानपणी दुसऱ्या कडव्यावर तो हमखास अडखळायचा, मग मी पुढचा शब्द नुसत्या ओठांनी सांगायचो. आज पूर्ण म्हटली. तो ऐकत होता की नव्हता, कळलं नाही. नात माया दारात उभी होती. ती गुजराती शाळेत. म्हणाली, "आबा, हे गाणं कशाचं?" नदीचं, म्हटलं. "आपल्या खाडीचं?"

ता. २१ गुरुवार

सकाळी त्याने मला ओळखलं नाही. मला सुपरवायझर समजला नि पाळी बदलून मागू लागला. रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेला. सु. मागे त्याला मिठीत धरून, मी ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर.

डॉक्टरीण अगदी पोरसवदा. गुजराती. आम्ही तिला डॉक्टरबेन म्हणतो. तिने डोळे पाहिले, पोटऱ्या दाबल्या, दि. ओरडला. पहिला प्रश्न, खाडीच्या पाण्यातून चालला होता का. दुसरा,

"काका, छेल्ली वार पेशाब क्यारे कर्यो?"

शेवटची लघवी कधी केली. मी सु.कडे पाहिलं, तिने माझ्याकडे. काल? परवा? इतके दिवस आम्ही ताप मोजला, ओकाऱ्या मोजल्या, माळ वीतभर लांबली तेही मोजलं. मोठ्या माणसाच्या लघवीकडे कोण लक्ष ठेवतं?

नळी घातली. पिशवीत जेमतेम तळ झाकेल एवढी आली, कडक चहासारखी.

दुखण्याचं नाव लिहून घेतलं : लेप्टोस्पायरोसिस. उंदराचं मूत पाण्यात, पाणी पायाच्या चिरेत, तिथून रक्तात. खात्रीचा रिपोर्ट यायला आठवडा लागेल, पण तोवर थांबायचं नाही म्हणाली, पेनिसिलिन लगेच सुरू केलं. मूत्रपिंडं बंद पडली आहेत. ती हिंदीत समजावत होती, मी मनातल्या मनात मराठी करत होतो. "काका, कायमची गेलेली नाहीत. मार बसून झोपली आहेत. आठवड्यात उठतील, तीन आठवड्यांत उठतील. तोवर आपण माणूस सांभाळायचा."

आणि नाही उठली तर? हे मी विचारलं नाही. सु.नेही नाही.

माळ कापून काढली त्यांनी. सु.ने ती पदरात बांधून ठेवली.

ता. २२ शुक्रवार

अत्यवस्थांच्या कोपऱ्यात खाट. सिस्टर एक, खाटा चाळीस. म्हणून पाणी किती दिलं नि लघवी किती झाली हे नातेवाइकांनी लिहायचं. डॉक्टरबेनने रकाने आखलेला कागद पाटीला लावून माझ्या हातात दिला. सु. म्हणाली, "आबा मास्तर होते. छत्तीस वर्षं." ते ऐकून बेन हसली. "तो तो चिंता नथी." मग काळजीच नाही.

नियम सोपा. आज जेवढी लघवी, त्यात अर्धा लिटर मिळवायचा. उद्या तोंडावाटे आणि बाटलीतून मिळून तेवढंच पाणी. वर एक थेंब नाही. मूत्रपिंड बाहेर टाकत नाही, तर आत गेलेलं जाणार कुठे? फुप्फुसात. मला लगेच पटलं. वर्गात असा समजावणारा असता तर मीही गणितात बरा निघालो असतो.

सकाळी आठला पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करायची. डोळा भांड्याच्या रेघेला समोरासमोर आणून वाचायचं.

ता. २३ शनिवार

१४० मि.लि. चोवीस तासांचे.

म्हणजे आज ६४०. त्यातलं चारशे तर औषधाच्या बाटल्यांतूनच जातं. तोंडाने दोनशे चाळीस. एक पेला आणि थोडं. दिवसभराचं.

आज तो शुद्धीवर आहे. शुद्धीवर नसता तर बरं, असं बापाच्या मनात यावं. जीभ लाकडासारखी. तोंडाला कसला तरी उग्र वास, लघवीचाच. "आबा, माले तीस लागनी." तहान लागली की तो घरच्या बोलीवर येतो. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवतो. तो कापूसच चोखतो.

शेजारच्या खाटेवर एका बिहारी माणसाची म्हातारी आहे. त्याने सांगितलं, अकरा नंबरच्या पेशंटला परवा बेंबीखाली छेद करून नळी घातली, काल गेला. "नली लगी, समझो टिकट कटी।" बेनला विचारलं. ती म्हणाली, तसं नाही काका, अकरा नंबर फार उशिरा आला होता. पोटात पाणी सोडायचं, ते रक्तातली घाण ओढून घेतं, मग काढून टाकायचं. दि.ला लागेल का? "सोमवारपर्यंत बघू. लघवी चारशेच्या वर गेली तर कदाचित थांबता येईल."

चारशे.

दुपारी त्याला डुलकी लागली, मी पिशवीकडे बघत बसलो. आमच्याकडे उन्हाळ्यात बोरी नदी आटली की बायका वाळूत खड्डा करायच्या, झिरा. वाटीने पाणी काढलं की थांबायचं. पुन्हा झिरपायची वाट बघायची. आई मला शेजारी बसवून ठेवायची, गढूळ करू नकोस, नुसतं बघ. तासन् तास बघायचो. हळूहळू वाळू काळी पडायची, मग चमकायची. पिशवीच्या नळीत एक थेंब तोंडाशी येऊन लोंबकळत होता. तो पडेपर्यंत मी श्वास धरला होता.

ता. २४ रविवार

सकाळी १३०. चांगलं वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. १३०.

दि.ने विचारलं, "कितली व्हयनी?" किती झाली. मग स्वतःच, फाटक्या ओठांनी हसत, "आज पास का नापास, आबा?"

कागदावर २५० लिहिले.

लिहिताना अडलो नाही. सवयीचा हात होता. दर एप्रिलात निकाल लावायला बसलो की मी हेच करत असे. कोणी तीन गुणांनी जात असेल, कोणी चारने, तर निबंधात दोन, कवितेत दोन. यंत्रमागावरच जायची पोरं, सातवी पास एवढा शिक्का तरी बरोबर जाऊ दे. हेडमास्तरांना ठाऊक होतं. सगळेच करत. कोणाचं काही बिघडलं नाही त्याने.

एकालाच दिले नव्हते. दि. सातवीला माझ्याच वर्गात होता, दोन गुणांनी गेला. मास्तरने पोराला चढवला असं कोणी म्हणू नये म्हणून हात आखडला. त्याच्या आईने आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. तो पुन्हा शाळेत बसलाच नाही. तेराव्या वर्षी बॉबिनं भरायला गेला.

२५० लिहिले म्हणजे आज ७५०. एकशेवीस जास्त. अर्ध्या पेल्याहून थोडं अधिक. ते मी त्याला एका वेळी दिलं, स्टीलच्या पेल्यात, ओठाला लावून. कापसाने नाही. डोळे मिटून प्यायला. घशाची घाटी वर-खाली झाली तीनदा.

"पास," मी म्हटलं.

ता. २५ सोमवार

११० मि.लि.

ही सोमवारची बेरीज. हिच्यावर ते नळीचं ठरवणार.

बेन येईपर्यंत वेळ होता. सु. खाली चहा आणायला गेली होती. मी एकशे दहा लिहिले आणि मग एकाचा चार केला. त्याला काही लागत नाही, वर दोन रेघा. ४१०.

बेन आली, कागद पाहिला. तिचा चेहरा उजळला, त्या पोरीचा. "चारसो दस! सरस, काका." सूज थोडी वाढलेली दिसते म्हणाली, पोटरीवर बोट दाबलं, खळगा राहिला. रक्त घेतलं तपासायला. जरा वेळ उभी राहिली. पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग मोठ्या डॉक्टरांना सांगून आली, नळी आज नको, उद्या रिपोर्ट बघून ठरवू. आणि मूत्रपिंड चालू होत असेल तर कोरडं पडू द्यायचं नाही, म्हणून बाटली थोडी वाढवली.

सु. रडली. आनंदाने. बिहारी माणसाला सांगून आली, आम्हांला नळी लागणार नाही. मला म्हणाली, "आबा, तुम्ही लिहायला बसलात तेव्हापासूनच गुण आला."

दि.ला आज पुष्कळ पाणी मिळालं. मीच दिलं. प्यायल्यावर तो जरा बोललाही. मायाचं विचारलं. मशीनवर आता कोण आहे विचारलं. बोलताना धाप लागत होती, पण बोलला. मी त्याला म्हटलं, बरा झालास की पोळ्याला गावी जाऊ, झालंच तर. तो म्हणाला, "तिकडे कोण शे आते?"

खरं आहे. कोणी नाही.

ता. २६ मंगळवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

पहाटे पाच-साडेपाचला श्वास कोंडला. आडवा होता तो उठून बसला, दोन्ही हात खाटेच्या दांडीला, तोंड उघडं. छातीत उकळणाऱ्या पाण्यासारखा आवाज. ओठांवर गुलाबी फेस. सु.ने आरडाओरडा करून सिस्टरला आणलं. ऑक्सिजन. बेन धावत आली, केस मोकळे, एका पायात चप्पल नाही. कान लावला, म्हणाली पाण्याने भरलंय. कालचा रिपोर्ट आला. रक्तात क्षार इतके वाढलेत की हृदय बंद पडेल, असं ती दुसऱ्या डॉक्टरला इंग्रजीत सांगत होती. मला तेवढं इंग्रजी येतं.

माझ्यासमोर कागद. छेद करण्याला माझी संमती आहे. सही केली. माझी सही सुंदर आहे, सगळे म्हणतात.

बेंबीखाली दोन बोटांवर सुईने भूल, मग नळी. पडदा लावला होता पण फटीतून दिसलं. लगेच बाटल्या. दोन लिटर पाणी पोटात सोडतात, अर्धा तास ठेवतात, मग खाली लावलेल्या बाटलीत काढून घेतात. पुन्हा दोन लिटर. पोट तट्ट फुगतं आणि बसतं. ज्याला मी कापसाने पाणी पाजत होतो त्याच्या पोटात दोन-दोन लिटर.

जास्त बाहेर येतं. दोन जातं, सव्वादोन, अडीच येतं. ते वरचं पाणी कुठलं ते मला ठाऊक आहे. थोडं मीच घातलेलं.

पिशवीत : ७०. तेवढेच लिहिले.

ता. २७ बुधवार

छत्तीस तासांत चाळीसच्या वर बाटल्या आत-बाहेर. आज दुपारी श्वास सुटा झाला. तो झोपला. बिहारी माणूस म्हणाला, "आपका तो बच गया, मास्टरजी।" त्याची म्हातारी काल संध्याकाळी गेली, सामान न्यायला आला होता. त्याला आमचा आनंद करायला सुचलं.

बेन कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसली होती. १४०, २५०, ४१०, ७०. कागदाच्या मागच्या बाजूला छोटी छोटी गणितं केली, खोडली.

तिला वाटतंय तिचं चुकलं.

ता. २८ गुरुवार

अंघोळीला घरी आलो. गल्लीत गणपतीच्या वर्गणीची पोरं. मायाने विचारलं, पप्पांच्या पोटाला भोक पाडलं म्हणतात, त्यातून आतलं दिसतं का. मी म्हटलं नाही, पट्टी असते वर. तिच्या पाटीवर तिने गुजरातीत काही लिहिलं होतं. मी ती लिपी अडखळत वाचतो. बावीस वर्षं इथे काढली.

पेटी उघडली नाही. कवितांनी कधी मला शिकवलं नाही असं नाही. मीच अर्थ सोडून चालीवर गेलो.

आज रात्रीपर्यंत सांगायचं ठरवलं होतं. नाही सांगितलं.

ता. २९ शुक्रवार

सांगितलं.

बेन व्हरांड्यात चहा पीत होती. मी समोर उभा राहिलो. हिंदीत सुरू केलं, मग मराठीतच बोललो, तिला कळलं. एकशेतीसचे अडीचशे केले. एकशेदहाचे चारशेदहा. पाणी दिलं ते.

तिने कप कठड्यावर ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर सोपं झालं असतं.

"केम, काका?"

का. मी म्हटलं, त्याला तहान लागली होती. हे खरं आहे. म्हटलं, नळीची भीती वाटली. हेही खरं. सातवीचं काही बोललो नाही. तिला ते काय सांगायचं.

मी विचारलं, नाहीतर सोमवारीच नळी घातली असती का? म्हणाली, हो. घातली असती तर तो मंगळवारी मरणाच्या दारात गेला नसता का? ती म्हणाली, या रोगात फुप्फुस आपलं आपणही बिघडतं. कदाचित गेला असता. कदाचित नसता. मग मूत्रपिंडाचं काय, त्या एका दिवसाने त्यांचं काही जास्त... "काका, मने खबर नथी." तिला ठाऊक नाही.

मग हळूच म्हणाली, "अमे तो कागळ पर लखेलुं होय ए ज जोईए." कागदावर लिहिलेलं असेल तेच आम्ही बघतो. रागाने नाही म्हणाली. तेच लागलं.

उद्यापासून कागद सुनंदाभाभी लिहितील, असं ठरवून ती गेली. जाताना वळून म्हणाली की खरंतर सूज वाढत होती तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. मी हात जोडले. त्या लेकराने माझ्या वाटचंही थोडं उचललं.

ता. ३० शनिवार

सु.ला सांगितलं, डोळ्यांना रेघा नीट दिसत नाहीत, मोतीबिंदू वाढलाय, तूच लिही. ती घाबरली. तिसरीपर्यंत शिकलेली, साड्यांचे धागे कापायला येतात त्या गठ्ठ्यांवरचे आकडे तेवढे वाचते. "माझं चुकलं तर, आबा? माणसाच्या जिवाचं आहे."

मी म्हटलं, दिसेल ते लिही.

९०. तिने भांडं खिडकीपाशी नेऊन, वाकून, जीभ दाताखाली धरून वाचलं. आकडा काढायला वेळ लागला. नऊ उलटा झाला, खोडून पुन्हा काढला.

ता. १ सप्टेंबर, सोमवार

आज पोळा. लिंबायतमधली निम्मी माणसं गावी गेलीत. वॉर्डात नातेवाईक कमी. खिडकीतून दोन बैल दिसले, डेअरीवाल्यांचे असावेत, शिंगं रंगवलेली नव्हती. आमच्याकडे आज वेशीत झुली, घुंगरं. वडील बैलाच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचे, मला कधी ऐकू आलं नाही काय ते. विचारायचं राहिलं.

रक्तातली घाण पुन्हा चढली. पुन्हा पोटाचं डायलिसिस, दुसऱ्यांदा. या वेळी संमतीच्या कागदावर सु.ने सही केली, अंगठा नव्हे, मी जवळ उभा होतो. लघवी ८०, काल ८५. बेन म्हणते अजून वेळ गेलेली नाही, दहावा-बारावा दिवस आहे, काहींना विसाव्या दिवशी सुरू होते. मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा मात्र त्यांनी तिला बाजूला घेतलं. तीन आठवड्यांपुढे, असं काहीतरी. नुसतं तेवढंच कानावर पडलं.

खात्रीचा रिपोर्टही आज आला. तोच रोग. आता त्याने काय होणार.

ता. ३ बुधवार

आज दि. स्वच्छ शुद्धीवर. उशीला टेकून बसला. दाढी वाढलेली, डोळ्यांचा पिवळेपणा थोडा निवळलाय. बाकी निम्मा झालाय. सु. पायथ्याशी पिशवी सोडवत होती, भांडं खाली ठेवून. आज पुन्हा रक्त तपासायला जाणार, त्यावर तिसऱ्यांदा पोटाचं करायचं की रक्त धुण्याच्या मशीनवर नेऊन ठेवायचं, ते ठरणार.

त्याने सवयीने मला विचारलं, कितली व्हयनी. मी म्हटलं, आता सुनंदा लिहिते. "का बरं?" म्हणाला.

मोतीबिंदूचं ओठावर आलं होतं.

नाही म्हटलं ते. त्याच्या डोळ्यांत न बघता, पांघरुणाच्या काठाकडे बघत, सगळं सांगितलं. अडीचशे. चारशेदहा. सातवीचे दोन गुणही सांगितले. एकवीस वर्षांत कधी निघाला नव्हता तो विषय. सु.च्या हातातलं काम थांबलं होतं, ते मला दिसत होतं, तरी थांबलो नाही. म्हटलं, त्या पाण्यानेच तू मरत होतास.

मला वाटलं थकला, झोपला. मग म्हणाला,

"ते पाणी गोड लागनं व्हतं, आबा."

एवढंच. आणि डोळे मिटले.

मी वर पाहिलं तर सु. माझ्याकडे बघत होती. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्याकडे कधी अशी सरळ नजर लावली नव्हती. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तो सावरलाही नाही.

"किती दिलं, आबा?"

"चारशेवीस. दोन दिवसांत."

"म्हणजे किती?"

"दोन पेले."

तिने मान हलवली, की नुसती खाली घातली. पिशवीचं तोंड उघडलं. भांडं भरायचा आवाज अगदी थोडा वेळ आला. मग ते उचलून खिडकीपाशी नेलं, वाकली, खूप वेळ वाकून राहिली. मी उठून पुढे झालो, काय आहे बघायला, तर तिने भांडं पदराआड घेतलं. रागाने की सहज, कळलं नाही.

"बसा तुम्ही," म्हणाली.

पेन्सिल ओली करून तिने कागदावर आकडा काढला, त्यावर बोट ठेवून आणखी एकदा भांड्याशी ताडून पाहिला, आणि पाटी उलटी करून खाटेच्या दांडीला अडकवली. बेन अजून यायची आहे. मी इथे स्टुलावर आहे. पाटी दोन हातांवर आहे.